फळीवरची पोथी

कन्नड मुलखातल्या गुंद गावी आमच्या घरात कपाट नव्हतं. जे ओलं होऊ नये असं वाटायचं, ते सगळं चुलीवर टांगलेल्या फळीवर जायचं. पावसाळ्यात आमच्याकडे मिठाला पाणी सुटतं, वहाणेवर पांढरी लव उगवते, काड्यापेटी अंगाच्या उबेत ठेवावी लागते. फळीला मात्र बारा महिने धूर लागायचा. म्हणून बियाण्याचं भात, राखेत घोळलेल्या काकडीच्या बिया, सुकवलेली आमसुलं असं सगळं तिथं. देवांचा कोनाडाही त्याच भिंतीत, फळीला लागून. आणि फळी नि कोनाडा जिथं मिळतात तिथं, लाल फडक्यात बांधलेली, धुराने काळपट झालेली आमची पोथी.

पोथी आजोबांनी आणलेली. मी पाळण्यात असताना ते गेले. त्यांच्या वेळी आमच्या बाजूला मराठी शाळा होत्या, त्यामुळे त्यांना वाचता यायचं. त्यांच्यानंतर घरात कुणालाच नाही. आप्पा, म्हणजे माझे वडील, शाळेत गेलेच नव्हते. अण्णा, माझा थोरला भाऊ, कन्नड शाळेत शिकला. पुढं हायस्कुलात हिंदीसाठी त्याला ही अक्षरं शिकवली, पण हिंदीत तो इमानेइतबारे दरवर्षी नापास झाला. आई आणि काकी यांना अक्षर म्हणजे रांगोळी. पण आजोबा रोज सकाळी अंघोळ करून ती पोथी उघडायचे, वाचता वाचता त्यांच्या डोळ्यांतून पाणी यायचं, मग डोळे पुसून ते पोथी फडक्यात बांधायचे आणि देवाजवळ ठेवायचे, हे सगळ्यांनी पाहिलं होतं. अंघोळ करून वाचतात, वाचून रडतात, देवाजवळ ठेवतात. आणखी काय पुरावा हवा? ते गेल्यावर पोथीला रोज हळदकुंकू लागलं, दसऱ्याला झेंडू चढला. वाचणारं माणूस तेवढं नव्हतं.

ते माणूस मी झाले, आणि त्यात माझ्या शहाणपणाचा भाग काही नाही. खानापूरच्या मामाला त्याची पोरं सांभाळायला कुणीतरी हवं होतं, म्हणून मला तिकडं धाडलं होतं. मामाने, त्याचं भलं होवो, मला मराठी शाळेत घातलं. सातवी झाली तशी आप्पांनी परत आणली. त्याच महिन्यात अण्णाची ट्रंक जोयड्याच्या हायस्कुलाकडे गेली आणि माझं दप्तर चुलीवरच्या फळीवर गेलं. मी म्हटलं, माझे मार्क अण्णापेक्षा जास्त आहेत. आप्पा म्हणाले, "मार्कानं भांगलण होतीया व्हय?" मी हातातला तांब्या अंगणात भिरकावला. त्याचा पोचा अजून अण्णाच्या घरी त्या तांब्याला आहे. राग आला की हातातली वस्तू जाते, ही माझी खोड तेव्हापासूनची. पुढं रामनगरच्या बाजारात मी एकदा भरला तराजू रस्त्यात फेकला. पण तांब्या फेकून काही मिळालं नाही, तराजू फेकून भाव मिळाला.

श्रावण लागला तसं आप्पा म्हणाले, "येसे, तुला ती अक्षरं येत्यात न्हवं? मग उद्यापासनं पोथी लाव." दुसऱ्या दिवशी दुपारची पेज झाल्यावर मला पुन्हा अंघोळ घातली. ओले केस पाठीवर सोडून मी पाटावर बसले. समोर समई. आप्पा हात जोडून, आई काकडी चिरता चिरता, काकी खांबाला टेकून, आणि शेजारची गौरव्वा, जिला कुणी बोलावलं नव्हतं आणि जिच्यावाचून आमच्याकडे काही होतही नव्हतं. बाहेर पाऊस एकसुरी लागलेला. आप्पांनी गाठ सोडली.

पुठ्ठा नव्हता. पहिली पानं नव्हती. पुस्तक सुरू होत होतं सतराव्या पानावर, वाक्याच्या मधोमध. एक स्त्री, नाव कनकलेखा, महालाच्या गच्चीत उभी होती आणि आपल्या गलबतावरून दूरदेशी निघालेल्या जयसेन नावाच्या सावकारपुत्राकडे बघून तिचे अश्रू गालांवरून ओघळत होते. मी मनात चारपाच ओळी वाचल्या. मामाच्या घरी मी खऱ्या पोथ्या ऐकल्या होत्या. ही पोथी नव्हती. ही कादंबरी होती. आजोबा जयसेनासाठी रडत होते. आणि ते पुस्तक देवाजवळ ठेवत होते कारण अख्ख्या घरात तेवढीच जागा कोरडी होती.

मी मान वर केली. आप्पांचे हात जोडलेलेच. मला दोन गोष्टी एकदम कळल्या. खरं सांगितलं तर उद्या हे पुस्तक काळी नदीत जाईल, कारण भंगलेली मूर्ती नि नको झालेलं देवाचं सामान आमच्याकडे काळीतच जातं. आणि मी परवापासून दुपारचीही शेतात तण काढायला, भांगलायला जाईन. शाळेच्या पुस्तकाखेरीज दुसरं पुस्तक मी तोवर हातात धरलं नव्हतं. मी "श्रीगणेशाय नमः" म्हटलं, ते पुस्तकात नव्हतं, आणि वाचायला लागले.

लेखकाने मला फार मदत केली. तो जुना माणूस दर दोन पानांनी हातातली गोष्ट बाजूला ठेवून वाचकांशी बोलायचा, चूक-बरोबर सांगायचा, स्त्रीधर्म, पुरुषार्थ, नशीब यांवर प्रवचन द्यायचा. तो "वाचकहो" म्हणाला की मी "श्रोतेहो" म्हणायची, आणि सगळे सावरून बसायचे. प्रकरण संपलं की मी "अध्याय संपूर्ण" म्हणायची आणि आप्पा नमस्कार करायचे. रोज एक अध्याय, पुढचा आधी वाचायचा नाही, हा आमच्याकडचा पोथीचा नियम. नैवेद्याला हळदीच्या पानातल्या पातोळ्या, कधी रानातली अळंबी, कधी फणसाच्या बियांची उसळ. कादंबरीला नैवेद्य दाखवणारं दुसरं घर कुठं असेल असं मला वाटत नाही, पण मला विचाराल तर चांगल्या कादंबरीचा तो हक्कच आहे.

त्या वाचनाचं सुख मी आज सांगू शकते, तेव्हा नुसतं होत होतं. त्या लेखकाला कसली घाई नव्हती. त्याचं वाक्य अणशीच्या घाटासारखं असायचं. वळण, पुन्हा वळण, झाडी, आता संपलं म्हणावं तर आणखी एक वळण, आणि मग एकदम खाली नदी. पहिले दोन दिवस मला मध्येच दम लागायचा. तिसऱ्या दिवशी कळलं की श्वास कुठं घ्यायचा ते त्याने आधीच ठरवून ठेवलंय, आपण फक्त त्याच्या मागून चालायचं. सूर्य मावळायला त्याला अर्धं पान लागायचं. पण ते अर्धं पान वाचून झाल्यावर आमच्या काळोख्या स्वयंपाकघरात, धो धो पावसात, खरंच कुठंतरी सूर्य मावळल्यासारखा वाटायचा. आईचा हात काकडीवर थांबायचा. मेलेला माणूस, ज्याला गुंद कुठं आहे हे ठाऊक नसणार, आमच्या चुलीपाशी बसून बोलत होता आणि गौरव्वा त्याच्याशी भांडत होती.

"सारखी रडतीया ती कनकलेखा," गौरव्वा म्हणाली. "जेवली कवा?"

"पोथीत असं लिवत न्हाईत, गौरव्वा," आप्पा म्हणाले.

"लिवाया नको? चार अध्याय झालं, पोरीच्या पोटात घास न्हाई. आनि त्यो वैद्य आला, त्याला पानी तरी दिलं का कुनी?"

"सुम्म, गप बस गे तू," आई म्हणाली, पण दुसऱ्या दिवशी तिनेच मला हळूच विचारलं, "व्हय गे, जेवली का?"

पाचव्या अध्यायापासून मी कनकलेखेला जेवू घालायला लागले. दासीने आग्रह केला म्हणून तिने दोन घास पेज घेतली, असं मी पानावर बोट ठेवून बिनधास्त वाचायची. गौरव्वा मान डोलवायची. ती माझी पहिली भेसळ. पुढं रामनगरला मध-कोकमाचं दुकान टाकलं, पण धंद्यात मी भेसळ कधी केली नाही. माझ्या मधात साखर सापडली तर दुकान देऊन टाकीन. पुस्तकात केली.

काकी काही बोलायची नाही. ती माझ्या धाकट्या काकाची बायको, वय बाविशीच्या आसपास. काका गोव्याला बंदरात ओझी उचलायच्या कामाला गेला होता आणि दोन वर्षं त्याचा निरोप नव्हता. तिकडून आलेली माणसं कुणी सांगायची, दिसला होता, कुणी सांगायची, बोटीवर चढला. काकीचा भाऊ नंदिगड्ड्याचा. श्रावण संपला की येतो आणि हिला घेऊन जातो, दुसरं घर बघतो, असं त्याने आप्पांना सांगून ठेवलं होतं. आमच्यात अशा दुसऱ्या घराला कुणी नावं ठेवत नाहीत. आप्पांनी काकीला विचारलं, काकी म्हणाली, बघू.

विसाव्या अध्यायाच्या दिवशी मी हातपाय धुवायला मागच्या दारी गेले तेव्हा काकी तिथं उभी होती. म्हणाली, "येसू, म्या पोथीला बोलून बसलेय."

"काय बोललीस?"

"त्यो जयसेन परत आला तर म्या हितंच ऱ्हानार. न्हाई आला तर दादासंगं जानार. पोथी जे सांगंल ते."

आता खरं सांगायची वेळही गेली होती. तिने स्वतःचा सगळा जन्म त्या पुस्तकाच्या शेवटच्या पानावर ठेवला होता, आणि ते पान काय म्हणतं हे मला ठाऊक नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सगळे शेतावर गेले तेव्हा मी आजारी असल्याचं सोंग केलं, नियम मोडला, फडकं सोडलं आणि चुलीच्या उजेडात शेवटचे आठ अध्याय एका दमात वाचले. जयसेन बुडाला. गलबत बंदराच्या तोंडाशी येऊन, दिवे दिसत असताना, खडकावर आदळून फुटलं. कनकलेखा किनाऱ्यावर उभी होती. तिने कपाळ पुसलं आणि लेखकाने दीड पान लिहिलं की वाचकहो, संसार असार आहे, धीर धरा. मला असा संताप आला म्हणून सांगू! दीडशे पानं तू आम्हाला त्या पोरीबरोबर उभं केलंस, आणि आता धीर धरा? मी त्या माणसाला, जो माझे आजोबा जन्मायच्या आधी मेला असेल, मोठ्याने शिव्या दिल्या. पुस्तक चुलीत जायचं तेवढं राहिलं. हातात होतं, आणि माझी खोड सांगितलीच आहे. मग मी पुन्हा वाचलं, आणि रडले. कारण ते दीड पान फार सुंदर होतं. चांगला लिहिणारा आपलं नुकसान करतो आणि आपण त्याचे पाय धरतो, हे मला त्या दिवशी समजलं.

शेवटच्या दिवशी काकीचा भाऊ सकाळीच आला. इरलं भिंतीला टेकवून ठेवलं, पेज घेतली. अण्णाही जोयड्याहून आलेला, कोपऱ्यात बसून सुपारी कातरत होता. काकीचं गाठोडं दाराशी बांधून ठेवलेलं मी पाहिलं. ती खांबाला टेकली नव्हती, अगदी समोर येऊन बसली होती.

मी वाचायला लागले. वादळापर्यंत सगळं लेखकाचंच वाचलं. वादळ त्याने असं लिहिलंय की त्यात कुणी हात घालू नये. गौरव्वा पदर तोंडात धरून बसली होती. मग गलबत खडकापाशी आलं. पानावर ते फुटत होतं. मी डोळे पानावरून हलवले नाहीत, बोटही ओळीवरून सरकत होतं, आणि तोंडाने मी म्हटलं की तोच ईश्वरी कृपेने वाऱ्याने आपली दिशा फिरवली, आणि ते गलबत, ज्याची शिडे फाटली होती व ज्याचे खलाशी अर्धमेले झाले होते, ते, जसे थकलेले जनावर संध्याकाळी आपणहून गोठ्याकडे वळते, तसे बंदराला लागले. मला स्वतःचंच आश्चर्य वाटलं. महिनाभर त्याच्या मागून चालून त्याचा श्वास माझ्यात आला होता. वाक्य वळत गेलं, मी पडले नाही. जयसेन उतरला. कनकलेखेने त्याला ओळखलं. त्याची दाढी वाढली होती, असंही मी घातलं. "आणि मग, श्रोतेहो, ती दोघे जेवली."

"जेवली बाय!" गौरव्वा म्हणाली आणि रडायला लागली.

काकी उठली. गाठोडं उचलून आत घेऊन गेली. तिचा भाऊ उठला. मग आप्पांना म्हणाला, "पोथीच्या म्होरं आपलं काय चालतंय, भावजी?" आणि इरलं घेऊन पावसात निघाला.

दिवाळीला काका आला. हे मी घडवलं नाही. तो आपणच यायचा होता. गोव्यात पाय मोडून पडला होता आणि मोडका पाय घेऊन घरी यायची लाज वाटत होती, एवढीच गोष्ट. पण घरात कुणाला ते पटवून सांगा. आप्पांनी पोथीला अकरा नारळ फोडले. गौरव्वाने ही हकीकत आसपासच्या सगळ्या वाड्यांवर नेली. पुढच्या श्रावणात आमच्या पडवीत बसायला जागा उरली नाही. कुणाची म्हैस हरवली, कुणाचा मुलगा घाटाखाली गेला, सगळ्यांनी जयसेनाच्या नावाने सुपारी ठेवली. काका काही जयसेन नव्हता. खेकसायचा, प्यायचा, काकीला दोन मुलं झाली, मग तो वारला. मी तिचं भलं केलं की वाईट, हे मी तिला कधी विचारलेलं नाही. हा सौदा मी केला, पण त्याचा नफा-तोटा माझ्या पदरात नाही, तिच्या पदरात आहे.

आता माझं दुखणं सांगते. आप्पा गेल्यावर अण्णाने जमीन घेतली, घर घेतलं, मी सही करून दिली. तेव्हा मी रामनगरला सासरी होते, दोन टोपल्या कोकमावर बाजारात बसायला लागले होते, मला कुणाचं काही नको होतं. मी एकच वस्तू मागितली.

"पोथी?" अण्णा म्हणाला. "येसे, देव वाटनीत येत्यात व्हय?"

"तुला ती वाचता येत न्हाई."

"पुजता येतीया."

अण्णाला हायस्कूल आणि मला पोथी, आणि शेवटी पोथीही अण्णालाच. मी चार वर्षं त्या घराची पायरी चढले नाही. मग चढले, कारण मी नाही गेले तर श्रावणात वाचणार कोण, आणि मलाही ते वाचायचंच असतं. आज मला बाजारात सगळे ओळखतात. गोव्याचे व्यापारी माझ्या दुकानात शिरताना सावध राहा म्हणून एकमेकांना कोपर मारतात. अण्णाला मी पितळी समई देऊ केली, घरावर पत्रे घालून देते म्हटलं, सुपारीच्या बागेला पंप बसवून देते म्हटलं. तो प्रत्येक वेळी हात जोडून हसतो. भाव न सांगणाऱ्या माणसाशी घासाघीस करता येत नाही. आणि हा भाव चढवला कुणी? मीच. मी जयसेनाला बुडू दिलं असतं, तर ते पुस्तक वाटणीच्या दिवशी मला कुणीही रद्दी म्हणून दिलं असतं.

दुसरी प्रतही मिळत नाही. बेळगावच्या जुन्या पुस्तकांच्या दुकानांत मी वर्षानुवर्षं फिरते. माझ्या खोलीत आता शंभर वर्षांपूर्वीच्या पुस्तकांनी दोन कपाटं भरली आहेत. दुपारी गिऱ्हाईक नसतं तेव्हा मी एखादं उघडते. ती तपकिरी पानं, टोचून बसवल्यासारखी अक्षरं, ते न संपणारे सूर्यास्त. त्यांतल्या प्रत्येक लेखकाशी मी भांडते आणि प्रत्येकाचं ऐकते. पण ते पुस्तक नाही. पहिली पानं गेल्यामुळे मला त्याचं नावच माहीत नाही. दुकानदाराला सांगायचं तरी काय? कनकलेखा रडते ते द्या?

ह्या श्रावणातही गेले होते. काकी आता अठ्ठ्याहत्तरची आहे, फारसं ऐकू येत नाही, पण शेवटच्या दिवशी अगदी समोर येऊन बसते. माझ्या डोळ्यांसमोर गलबत फुटत असतं आणि मी ते बंदराला लावत असते. दरवर्षी शेवटच्या त्या दीड पानाकडे मी चोरून बघते, ते मोठ्याने वाचायची माझी इच्छा अजून मेलेली नाही. थकलेल्या जनावराच्या वाक्यापाशी मी आले की काकीचे ओठ माझ्याबरोबर हलतात. तिला ते वाक्य पाठ आहे. एका वाक्यात मी अण्णाला खरं सांगून ते पुस्तक घरी आणू शकते. ते वाक्य मी तोंडापर्यंत आणते, काकीचे ओठ बघते आणि गिळते.

हे प्रकरण मी निर्धास्तपणे लिहितेय, कारण त्या घरात कुणी मराठी वाचत नाही. अण्णाची मुलं हुबळीला असतात, दिवाळीला येतात आणि पोथीला लांबूनच नमस्कार करतात. पण काल अण्णाचा फोन आला. मी लिहिते आहे हे त्याला कुणीतरी सांगितलं होतं.

"काय लिवतीयास म्हनं, येसे?"

"आपल्या घराचं. पोथीचं."

"पोथीचं?" त्याचा आवाज एकदम मऊ झाला. "मग मला वाचाया नको? माझी पन हाय की ती. असं कर, कन्नडात लिवून दे. दिलीस तर..." तो खाकरला. "दिलीस तर बघू मग पोथीचं. आता माझं तरी काय ऱ्हायलंय?"

इतक्या वर्षांत अण्णाने पहिल्यांदा स्वतः होऊन भाव काढला होता. फोनवर त्याच्या मागे, चुलीपाशी, काकी कुणाला तरी हाक मारत होती.

"न्हाई परवडत, अण्णा," मी म्हटलं.